नोंदोबाने न बघितलेला लॉग

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. ध्वनिग्रंथालयात सगळे त्याला नोंदोबा म्हणत. दोष त्याचाच. अठरा वर्षं जो माणूस प्रत्येक तक्रारीला एकच प्रश्न विचारतो, "आधी नोंद बघितली का?", त्याचा देव व्हायला फारसा वेळ लागत नाही.

ध्वनिग्रंथालय म्हणजे ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून साठवून ठेवायची जागा. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. एकीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून आणि पुढे काच लावून वाचणाऱ्यांसाठी कोंदट शांतता केलेली. दुसरीत ऐकणारे बसायचे. तिसरीत नोंदोबा आणि त्याची यंत्रं. खोलीच्या दारावर त्यानं स्वतः पाटी लावली होती: आधी लॉग, मग तक्रार.

लॉग म्हणजे काय, हे तो नव्या माणसाला समजावून सांगायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तेज यायचं. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी. किती वाजून किती सेकंदांनी कोण आलं, काय उघडलं, काय मिटवलं, कुठं अडखळलं, सगळं ते आपणहून लिहून ठेवतं. "माणूस विसरतो, माणूस थापा मारतो," तो म्हणायचा. "यंत्राला तेवढी अक्कल नाही. म्हणून बिघाड झाला की ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावानं खडे फोडायच्या आधी तिची रोजनिशी वाचायची."

हे ज्ञान सगळ्यांना पाठ झालं होतं. फक्त कानसेन त्याची टर उडवायचा. कानसेन म्हणजे तयार झालेली पुस्तकं ऐकून तपासणारा. तो जन्मापासून आंधळा, आणि कान असे की वाचणाऱ्याच्या तोंडात लवंग असली तरी सांगेल. "तुझी पाटी मला दिसत नाही," तो नोंदोबाला म्हणायचा, "म्हणून मी आधी तक्रार करणार."

आणि तक्रार त्यानंच आणली. महिन्याच्या चार तारखेला, दुपारी.

"बाईंच्या पुस्तकातली पत्रं गळतायत," तो म्हणाला. "सोळा आहे, सतरा नाही, अठरा आहे. आज पाच गेलीत."

बाई म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वय बहात्तर. आठवड्यातून चार दिवस दहा ते बारा वाचायला यायच्या. आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपाळूही सरळ बसावा. त्या दिवसांत त्या एक पत्रांचं पुस्तक वाचत होत्या. जहाजावर इंजिन सांभाळणाऱ्या एका माणसानं बायकोला लिहिलेली दोनशे चाळीस पत्रं. एक पत्र वाचायचं, बटण दाबायचं, हिरवा दिवा लागला की पुढचं. प्रत्येक पत्राची वेगळी फाईल.

साहेबांनी, म्हणजे ग्रंथपालांनी, सगळ्यांना बोलावलं. त्या दिवशी बाईंना उशीर झाला होता, हातात पिशवी घेऊन नुकत्याच घरी निघाल्या होत्या, त्याही थांबल्या. त्या म्हणाल्या, "मी एकही पत्र सोडलेलं नाही. दिवा लागल्याशिवाय मी पान उलटत नाही."

"बाकी कुणाचं काही जात नाहीये," साहेब म्हणाले. मग ते नोंदोबाकडे वळले आणि अठरा वर्षांत प्रथमच कुणीतरी त्यालाच विचारलं, "नोंदोबा, लॉग बघितला का?"

आता खरं सांगायचं तर त्यानं लॉग बघितला नव्हता. महिन्याच्या एक तारखेला सगळ्या यंत्रांवर ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती चढवली होती, तेव्हापासून त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सूचीचं यंत्र रुसलं होतं, छपाईचं यंत्र कागद गिळत होतं. बघणार होता, दुपारनंतर. 'अजून नाही' एवढे दोन शब्द पुरले असते. पण ज्याच्या दारावर पाटी, त्याच्याच तोंडून 'अजून नाही' कसं निघणार? आणि कानसेन बाजूला हसू दाबून उभा.

"बघितला," नोंदोबा म्हणाला. "स्वच्छ आहे."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्याचा लॉग स्वच्छ म्हणजे यंत्र निर्दोष, आणि यंत्र निर्दोष म्हणजे खोलीत दुसरं कोण उरलं? बाईंनी एकदा काचेच्या खोलीकडे बघितलं, मग पिशवीवरची बोटांची पकड बदलली.

"असेल मग माझंच," त्या म्हणाल्या.

दुपारनंतर छपाईचं यंत्र अजून कागद गिळत होतं. लॉग बघायचा राहिला. आणि एकदा 'बघितला' म्हटल्यावर तो बघायची घाईही उरली नाही. खोट्याचा हा एक फायदा असतो, काम झाल्यासारखं वाटतं.

पुढच्या आठवड्यात बाई एक वही घेऊन आल्या. पत्र वाचलं की वहीत आकडा, बटण दाबलं की बरोबरची खूण, दिवा लागला की दुसरी खूण. शाळेत प्रगतिपुस्तकं भरलेल्या हातानं ओळी आखलेल्या. बारा वाजता त्या वही मिटून घरी जायच्या आणि तीन वाजता कानसेन सांगायचा, आज तीन गेली, आज दोन. वहीत मात्र सगळ्यांपुढे दोन-दोन खुणा. साहेबांनी ते समजुतीनं घेतलं, म्हणजे सगळ्यात वाईट रीतीनं. "वय होतं बाई, चालायचंच," असं म्हणाले.

एका दुपारी जिन्यात बाईंनी नोंदोबाला गाठलं. कठड्याला धरून उभ्या होत्या.

"तुम्हाला एक विचारू? वहीत खूण आहे आणि वाचलेलं नाही. याचा अर्थ मी न वाचताच खूण करते, असाच ना?"

"अहो, नाही हो बाई…"

"माझ्या ताईचं असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "आधी पाकिटावर पत्ता लिहायची आणि पत्र आत घालायचीच नाही. मग गॅस. मग आमची नावं. शेवटी मला विचारायची, बाई तुम्ही कुणाकडे आलात? तिचं सगळं मी केलंय. म्हणून मला ओळखू येतं."

तिथेच, त्या पायरीवर, 'मी बघितलेला नाही' म्हणता आलं असतं. त्याऐवजी तो म्हणाला, "काळजी करू नका, मी बघतो."

"तुम्ही तर बघितलाय," बाई म्हणाल्या आणि खाली उतरून गेल्या.

दोन दिवसांनी त्यांच्या सुनेचा निरोप आला. आई आता वाचायला येणार नाहीत. त्यांनी घराच्या किल्ल्याही माझ्याकडे देऊन टाकल्यात. म्हणाल्या, माझा भरवसा धरू नका. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे स्मरणशक्तीची तपासणी आहे.

निरोप ऐकून नोंदोबा आपल्या खोलीत जाऊन बसला. बाईंना वाचवायलाच हवं होतं, आणि त्याला मार्ग सापडला, असा की त्यात बाईही वाचतील आणि तोही. पत्रं गळायला लागली कधीपासून? एक तारखेनंतर. एक तारखेला काय झालं? नवी आवृत्ती. मग दोष ऑपरेटिंग सिस्टिमचाच! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे इतरांना हजार वेळा ऐकवलेला माणूस त्या दिवशी कावळ्यावर खटला भरायला निघाला.

ती ऑपरेटिंग सिस्टिम जगभरातली माणसं आपल्या फावल्या वेळात घडवायची. दोष कळवायचा एक अर्ज होता. त्यानं तो मोठ्या जिव्हाळ्यानं भरला: नव्या आवृत्तीत जतन झालेल्या फाईली आपोआप नाहीशा होतात, वयस्कर वाचकाला विनाकारण बोल लागतोय, प्रकरण गंभीर आहे. शेवटी एक रिकामी चौकट होती. तिच्यापुढे लिहिलं होतं, 'अर्ज करण्यापूर्वी मी लॉग तपासला आहे.' खूण केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता.

त्यानं खूण केली. बाईंच्या खुणा खऱ्या होत्या. ही त्याची.

साहेबांना त्यानं सांगून टाकलं की चूक ऑपरेटिंग सिस्टिम घडवणाऱ्यांची आहे, त्यांना कळवलंय. साहेब म्हणाले, छान. बाईंना मात्र काही कळवू नका, दुरुस्ती होऊन येऊ दे. त्यालाही ते बरंच वाटलं.

तेवीस तारखेला, सकाळी साडेदहाला, उत्तर आलं. लिहिणारा कोण, कुठला, नोंदोबाला ठाऊक नव्हतं, कधी ठाऊक होणारही नव्हतं. त्यानं लिहिलं होतं:

'तुमचा अर्ज वाचून त्या वाचकाबद्दल वाईट वाटलं, म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून चार दिवस यावरच बसलो. पाच यंत्रांवर तुमच्यासारखंच सगळं करून बघितलं. एकही फाईल गेली नाही. तुम्ही लॉग तपासल्याचं लिहिलंय, त्यामुळे तो भाग सोडून मी बाकी सगळं शोधलं. आता माझी अक्कल संपली. कृपा करून ज्या दिवशी फाईली गेल्या त्या दिवसाचा लॉग पाठवाल का? तुमच्या नजरेतून सुटलेलं एखादं बारीकसं काही मला दिसेल.'

बारीकसं काही! नोंदोबानं पाठवण्यासाठी लॉग उघडला. शोधायला लागलंच नाही. चार तारीख, दुपारी एक वाजून दोन सेकंद. साफसफाई. पत्र सतरा. आकार लहान. काढून टाकलं. त्याखाली पत्र एकवीस, काढून टाकलं. पत्र बावीस. पत्र तीस. पत्र एकतीस. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, हे काम कुणाच्या नावानं चालतं त्याची नोंद. त्याचंच नाव, हजेरीपटावरचं.

त्याला सगळं आठवलं. सहा वर्षांपूर्वी वाचणारे चुकून बटण दाबायचे आणि खोकल्याच्या, खाकरण्याच्या तीन-तीन सेकंदांच्या फाईली साठायच्या. त्यानं यंत्राला एक कायमची चिठ्ठी लिहून दिली होती: रोज दुपारी एकला फेरी मार, ठरावीक आकाराहून लहान फाईल दिसली की फेकून दे. नव्या आवृत्तीनं आवाज दाबून छोट्या फाईलीत साठवायला सुरुवात केली. तो काही दोष नव्हता. ती सुधारणा होती, तसं तिनं एक तारखेला सांगितलंही होतं. पण त्यामुळे आता अर्ध्या मिनिटाचं पत्रही त्या चिठ्ठीच्या लेखी खोकलाच ठरलं. बाकीचे वाचणारे तासभराचे अख्खे धडे वाचायचे, त्यांचं काही गेलं नाही. बाईंच्या जहाजवाल्याची काही पत्रं मात्र तीन ओळींची होती. 'सुखरूप पोचलो. हवा चांगली आहे. तू जेवत जा.'

अशी एकोणीस. संध्याकाळी सगळ्याची दुसरी प्रत निघायची, पण चिठ्ठी दुपारीच आपलं काम उरकायची. एकोणीसही कायमची गेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे वळसा घालायला त्यानं दुसऱ्याच माणसाला चार दिवस धाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तिला त्यानं सगळं सांगितलं. ती चिमटे लावत ऐकत राहिली.

"मग आता?"

"आधी ती चिठ्ठी बंद केली. आज त्या माणसाला माफी लिहितो. उद्या साहेबांना एक सविस्तर टिपण देतो. मग बाईंकडे…"

"म्हणजे यंत्र आधी, परका आधी, साहेब आधी," बायको म्हणाली. "आणि जिनं किल्ल्या देऊन टाकल्या ती शेवटी. अहो, ती बाई रोज सकाळी उठून स्वतःची परीक्षा घेत असेल."

तरी तासभर तो घरात घुटमळला. एक सोपी वाटही मनात येऊन गेली: बाईंना नुसतं सांगावं, सिस्टिममध्ये दोष होता, आता दुरुस्त झालाय. कुणाला कळणार होतं? मग त्यानं त्या दूरच्या माणसाला चार ओळी लिहिल्या. दोष तुमचा नाही, माझा आहे. लॉग तपासलेला नव्हता. तुमचे चार दिवस मी वाया घालवले. अर्ज मागे घेतो. आणि ग्रंथालय उघडून, लॉगचे कागद छापून, तो बाईंच्या घरी गेला.

दार सुनेनं उघडलं. बाई आतल्या खोलीत टेबलापाशी बसल्या होत्या. घरभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, सगळ्या त्या प्रगतिपुस्तकातल्या अक्षरात. दारावर 'कडी लावली का?' नळावर 'बंद?' कपाटावर 'चष्मा इथे'. डॉक्टरांची तपासणी झाली होती. ते म्हणाले वयाच्या मानानं उत्तम. "ताईला पण पहिल्या वर्षी असंच म्हणाले होते," बाई म्हणाल्या.

नोंदोबा बसला आणि बोलायला तोंड उघडणार तोच बाईंनी विचारलं, "गॅस बंद आहे ना हो?"

"बंदच आहे," तो बसल्या जागेवरून म्हणाला. बाई त्याच्याकडे बघून कसनुसं हसल्या, उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन आल्या.

त्यानं कागद टेबलावर मांडले. चिठ्ठी, आकार, एक वाजताची फेरी, एकोणीस पत्रं, सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा लावून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. शेवटी कागद सारखे केले आणि त्याच्याकडे सरकवले.

"तुम्ही फार चांगले आहात, नोंदोबा."

"म्हणजे?"

"मला बरं वाटावं म्हणून एवढं छापून आणलंत. पण लॉग तुम्ही चार तारखेलाच बघितला होतात. स्वच्छ होता."

शिव्या ऐकायची तयारी करून आला होता, याची नाही. "बाई, मी तेव्हा बघितला नव्हता. खोटं बोललो."

"छे," बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, लहान मुलाला म्हणावं तसं. "तुम्ही? न बघता? साऱ्या इमारतीला तुम्ही शिकवलंत. तुम्ही असं करणारच नाही. मला सांभाळून घेताय."

अठरा वर्षं जमवलेली पत ती. तिच्यामुळे बाईंनी स्वतःच्या डोक्यावर अविश्वास धरला, पण त्याच्यावर नाही. आणि आता ती पत मोडल्याशिवाय बाई सुटणार नव्हत्या. त्याला मान वर करवेना. पण त्यानं कागदांतला शेवटचा कागद काढला.

"हा बघा. लॉग उघडायला माझा परवलीचा शब्द लागतो, आणि तो कधी उघडला याचीही यंत्र नोंद ठेवतं. आधीची नोंद गेल्या महिन्याची. त्यानंतरची थेट कालची, साडेदहाची. मध्ये एकही नाही."

बाईंनी तो कागद बराच वेळ धरला. मग खणातून आपली वही काढली आणि पानं उलटली. पहिल्याच पानावर, चार तारीख टाकून, एक ओळ लिहिलेली होती. 'नोंदोबांनी लॉग बघितला. स्वच्छ. म्हणजे चूक माझी.' वही आणि कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवले, आणि दोन उत्तरपत्रिका ताडून बघाव्यात तशा आळीपाळीनं बघत राहिल्या.

"चार तारखेला उघडलाच नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"जिन्यात भेटलात, तेव्हाही नाही."

"नाही."

"मी किल्ल्या दिल्या तेव्हा?"

त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खणातून पेन्सिल काढून त्याच्यापुढे ठेवली आणि वही फिरवून दिली.

"लिहा."

त्यानं 'बघितला' आणि 'स्वच्छ' या शब्दांवर काट मारली आणि वर लिहिलं, 'बघितला नाही'. 'चूक माझी' या शब्दांपाशी पेन्सिल थांबली. त्यांवर काट मारायची गरज नव्हती. त्यानं शेजारी फक्त आपली सही केली. बाईंनी ती ओळ मोठ्यानं वाचली, काचेच्या खोलीत वाचायच्या त्याच आवाजात. दारात उभी असलेली सून आत आली आणि काही न बोलता किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून गेली. बाईंनी तो लगेच उचलला नाही.

"एकोणीस पत्रं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे पुस्तक आहे. बुधवारी येईन. तुम्ही काचेबाहेर बसायचं, एक वाजेपर्यंत."

"बसेन."

तो उठला. तेवढ्यात सवयीनं बाईंच्या तोंडून निघालं, "गॅस बंद आहे ना?"

'बंदच आहे' हे शब्द त्याच्या जिभेवर आलेच होते. त्यानं ते गिळले. स्वयंपाकघरात गेला, शेगडीचं बटण बघितलं, बोटांनी दाबून बघितलं, खाली सिलिंडरचंही बघितलं आणि परत आला.

"बघितला. बंद आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग खुर्चीचे हात धरून उठल्या आणि सावकाश चालत स्वयंपाकघरात गेल्या. तो दारातच उभा राहिला. चप्पल पायात घालायचंही त्याला सुचेना.

बाई बाहेर आल्या.

"बंद आहे," त्या म्हणाल्या. "या वेळी बघितला होतात."